झाकणाखालचा जेलाटो

रोममध्ये ट्रेव्ही कारंज्याच्या आसपासच्या गल्ल्यांत जेलाटोची दुकाने लांबूनच डोळ्यांत भरतात. काचेमागे गुलाबी, निळे, पोपटी ढिगारे रचलेले असतात आणि प्रत्येक ढिगाऱ्याच्या माथ्यावर त्या त्या फळाची फोड नाहीतर चॉकलेटची कांडी खोचलेली असते. बोलोन्या किंवा पालेर्मोच्या जुन्या वस्तीतल्या एखाद्या दुकानात याउलट बघण्यासारखे फारसे काही नसते. काउंटरवर ओळीने पोलादी झाकणे, मागे भिंतीवर चवींची यादी, एवढाच थाट. झाकणांखाली खोल, गार पात्रे असतात. त्यांना इटालियन भाषेत ‘पोत्झेत्ती’ म्हणजे छोट्या विहिरी म्हणतात. घाईतला पर्यटक पहिल्या दुकानासमोर रांग लावतो आणि दुसऱ्यावरून पुढे निघून जातो. पाटी मात्र दोन्हीकडे सारखीच असू शकते: पारंपरिक, घरगुती, अस्सल. या पाटीवर विश्वास ठेवायचा की नाही, हा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही. परंपरा म्हणजे नेमके काय आणि ती कोण टिकवतो, हे त्यात दडलेले आहे. माझे म्हणणे असे, की जेलाटोची परंपरा ना जुन्या कृतीत आहे, ना घराण्याच्या नावात, ना कायद्यात. परत येणाऱ्या गिऱ्हाइकाचा जो धाक दुकानदाराला असतो, त्या धाकात ती आहे. हा धाक असेल तिथे यंत्रे आणि विजेचे फ्रीजर असूनही परंपरा जिवंत राहते. तो संपला की शंभर वर्षांची पाटीसुद्धा नुसती सजावट ठरते.

आधी पदार्थ समजून घेऊ. ‘जेलाटो’ या शब्दाचा अर्थ ‘गोठवलेला’, एवढाच. दूध, थोडी साय, साखर आणि चवीचा मुख्य जिन्नस, इतकाच त्याचा संसार. आपल्या ओळखीच्या आइस्क्रीमपेक्षा तो तीन बाबतींत वेगळा पडतो. पहिली बाब स्निग्धांशाची. अमेरिकेत काय किंवा आपल्याकडे काय, नुसते ‘आइस्क्रीम’ म्हणवून घ्यायला किमान १० टक्के दुधाचा स्निग्धांश लागतो. जेलाटोत तो साधारण ४ ते ८ टक्के असतो, कारण त्यात सायीपेक्षा दुधाला मान. दुसरी बाब हवेची. मिश्रण गोठताना घुसळले जाते आणि घुसळताना त्यात हवा शिरते. कारखान्यातल्या स्वस्त आइस्क्रीममध्ये एका लिटर मिश्रणाचे दोन लिटर होऊ शकतात, म्हणजे निम्मा डबा हवेचा. जेलाटो सावकाश घुसळला जातो, त्यामुळे एका लिटरचा सव्वा लिटर किंवा त्याहून थोडा अधिक, इतपतच तो फुगतो. तिसरी बाब तापमानाची. आइस्क्रीम उणे १८ अंशांच्या आसपास ठेवतात, जेलाटो उणे १२ ते उणे १४ अंशांवर वाढतात. फार गार पदार्थाने जीभ बधिर होते आणि जास्त स्निग्धांशाचा तिच्यावर थर बसतो. हे दोन्ही अडथळे कमी झाले की हेझलनट हेझलनटसारखा आणि लिंबू लिंबासारखे लागते. पण याची एक किंमत आहे. कमी साय, कमी हवा, कमी गारठा, म्हणजे दोष झाकायला जागाही कमी. दूध उतरलेले असेल, फळ कच्चे असेल, बदाम खवट असेल तर जेलाटो ते लगेच सांगून टाकतो. शिवाय एवढ्या ‘उबदार’ थंडीत बर्फाचे स्फटिक हळूहळू मोठे होतात आणि काही दिवसांत मऊपणा जाऊन कचकच येते. हा पदार्थ साठवणीचा नाहीच. आज करावा, आज-उद्या संपवावा, अशीच त्याची घडण आहे.

या घडणीला किती जुनी परंपरा आहे, याविषयी इटलीत गोष्टी पुष्कळ. फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्यातली कॅथरीन लग्न होऊन फ्रान्सला गेली तेव्हा तिने हे गुपित बरोबर नेले, ही त्यातली सर्वांत लाडकी कथा. इतिहासाचे अभ्यासक तिला दंतकथाच मानतात. कागदोपत्री जे सापडते ते अधिक रोचक आहे. बर्फात मीठ घातले की तापमान शून्याखाली उतरते, हे तंत्र सोळाव्या शतकात इटलीत माहीत होते. नेपल्सच्या जांबात्तिस्ता देल्ला पोर्ता याने १५८९ च्या आपल्या ग्रंथात दारू गोठवण्याची रीत दिली आहे. त्याच नेपल्समध्ये आंतोनियो लातिनी या कारभाऱ्याने १६९२ ते १६९४ या काळात दोन खंडांत छापलेल्या पाकग्रंथात सरबते गोठवण्याच्या कृती लिहून ठेवल्या आणि त्यांतली एक दुधाची आहे. सिसिलीहून पॅरिसला गेलेल्या फ्रांचेस्को प्रोकोपियोने १६८६ मध्ये जे कॅफे उघडले तिथे गोठवलेली सरबते मिळत. मात्र आज ज्याला आपण जेलाटो म्हणतो तो मऊ, एकजीव पदार्थ या कुणाच्याही भांड्यात नव्हता. तो आला यंत्रातून. बोलोन्याच्या ओतेल्लो कात्ताब्रिगाने १९२७ मध्ये असे यंत्र बनवले, जे कारागिराच्या हाताची नक्कल करी: भांड्याच्या कडेला गोठलेला थर खरवडायचा आणि पुन्हा पसरायचा. १९४६ मध्ये त्याच परिसरात कार्पिज्यानी ही कंपनी सुरू झाली आणि पुढच्या काळात तिची यंत्रे जगभर गेली. स्ट्राच्चातेल्ला, म्हणजे दुधाच्या जेलाटोत चॉकलेटचे तुकडे विखुरलेला प्रकार, अनेकांना पुरातन वाटतो. तो बेर्गामोमध्ये १९६१ साली जन्मला. तेव्हा ‘पारंपरिक’ याचा अर्थ ‘पुरातन’ असा घेतला तर पारंपरिक जेलाटो असे काही शिल्लकच राहत नाही. ‘यंत्राशिवाय’ असा घेतला तरी तेच.

मग परंपरा होती तरी कशात? उत्तर शोधायला राजदरबारांपेक्षा डोंगराकडे पाहावे लागते. इटलीच्या ईशान्येला, डोलोमाइट पर्वतरांगांत, झोल्दो आणि कादोरे नावाची खोरी आहेत. शेती तुटपुंजी, हिवाळा लांबलचक. एकोणिसाव्या शतकात तिथली माणसे हातगाडी आणि बर्फाची भांडी घेऊन व्हिएन्नापासून जर्मन शहरांपर्यंत गेली आणि गोठवलेले गोड विकू लागली. याच प्रदेशातून अमेरिकेत गेलेल्या इतालो मार्क्योनीला १९०३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये खाता येण्याजोगे कप बनवण्याच्या साच्याचे पेटंट मिळाले. जर्मनीतल्या असंख्य लहान शहरांत आजही ‘व्हेनेझिया’, ‘रियाल्तो’, ‘डोलोमिती’ अशा नावांची जेलाटोची दुकाने आहेत, ती या स्थलांतराची खूण. त्यांतली कितीतरी वसंतात उघडत, हिवाळ्यात बंद होत, आणि मालक कुटुंबासह गावी परते. त्या खोऱ्यांच्या तोंडाशी असलेल्या लोन्गारोने या गावात १९५९ पासून दरवर्षी या व्यवसायाचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरते, ते त्यामुळेच. या माणसांपाशी गुप्त पाककृतींचा खजिना नव्हता. परक्या शहरात, परक्या भाषेत, त्याच त्या मोहल्ल्यातल्या गिऱ्हाइकांना दर उन्हाळ्यात पुन्हा तोंड दाखवायची गरज होती. यंदा पातळ, पाणचट माल दिला तर पुढच्या मार्चमध्ये दुकान उघडून उपयोग नाही, ही समज प्रत्येकाला होती. हाच मी म्हणतो तो धाक. मानहाइम शहरात १९६९ मध्ये दारियो फोन्तानेल्लाने व्हॅनिला जेलाटो साच्यातून दाबून शेवयांसारखा वाढला आणि वर स्ट्रॉबेरीचा रस घालून ‘स्पगेटी’ उभी केली. शुद्धतावादी नाक मुरडतील, पण जर्मनीतल्या पिढ्यान्‌पिढ्या त्यावर वाढल्या. परंपरा बदलली, गिऱ्हाईक टिकले.

परत येणारे गिऱ्हाईक दुकानाच्या आतली रीत कशी ठरवते, ते पाहण्याजोगे आहे. दूध, साय, साखर यांचे मिश्रण ८५ अंशांपर्यंत तापवतात, किंवा ६५ अंशांवर अर्धा तास ठेवतात. मग झटकन ४ अंशांवर आणतात आणि काही तास मुरू देतात. मुरलेले मिश्रण यंत्रात जाते आणि साधारण दहा मिनिटांत उणे सात-आठ अंशांच्या आसपास जेलाटो होऊन बाहेर पडते. खरी कारागिरी तापमानाच्या या आकड्यांपेक्षा साखरेच्या हिशेबात असते. साखरेचे काम नुसते गोड करण्याचे नाही. ती पाण्याला पूर्ण गोठू देत नाही. कमी पडली तर जेलाटो दगड होतो, जास्त झाली तर ओघळतो आणि घशाला बसतो. साध्या साखरेपेक्षा डेक्स्ट्रोज गोडीला कमी पण गोठण रोखायला जास्त, म्हणून दोघांचे प्रमाण चवीगणिक बदलते. फळ आज किती पिकले आहे, त्यात स्वतःची साखर किती, हे चाखल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. म्हणून चांगल्या दुकानात यादी लहान असते आणि ऋतूप्रमाणे फिरते: उन्हाळ्याच्या तोंडाला स्ट्रॉबेरी, नंतर पीच आणि अंजीर, थंडीत सिसिलीची संत्री. घरी नेण्यासाठी जेलाटो किलोवर विकला जातो, ही वरकरणी क्षुल्लक प्रथासुद्धा याच नात्यातून आली आहे. रविवारच्या जेवणाला अर्धा किलोचा डबा नेणारे कुटुंब वजनाचे पैसे देते. हवेचे वजन नगण्य, त्यामुळे फुगवून विकण्यात दुकानदाराचा फायदाच उरत नाही. आकारमानावर विकला जाणारा माल आणि वजनावर विकला जाणारा माल यांची नीतीच वेगळी होते.

गिऱ्हाइकाचा हा धाक जिथे नसतो तिथे दुकानदार जिभेऐवजी डोळ्यांची सेवा करू लागतो आणि तो फरक नवख्यालाही ओळखता येतो. केळ्याचे उदाहरण घ्या. घरी शिकरण करून ठेवली की घटकाभरात काळवंडते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. मग काचेमागचा केळ्याचा जेलाटो लिंबासारखा पिवळाधमक कसा? खरा असेल तर तो मळकट पांढरा असतो. पुदिन्याचा जेलाटो पांढरा किंवा अगदी फिका असतो, कारण अर्क दुधात उतरतो तेव्हा पानांचा गर्द रंग मागेच राहतो. पिस्त्याची गोष्ट तर आणखी बोलकी. एटना ज्वालामुखीच्या उतारावर ब्रोन्ते गावाभोवती जो नावाजलेला पिस्ता पिकतो, त्याचे पीक वर्षाआड काढतात. तो महाग असतो, आणि भाजून वाटला की त्याचा जेलाटो तपकिरीकडे झुकणारा मळका हिरवा दिसतो. चकचकीत पोपटी पिस्ता म्हणजे बहुधा रंग, आणि बरोबरीला बदामाचा भरणा. निळ्या जेलाटोविषयी तर बोलायलाच नको, तसल्या रंगाचे फळ बाजारात नसते. उरला प्रश्न डोंगरांचा. उणे १२ अंशांवर मऊ राहणारा पदार्थ काचेच्या कडेवर वीतभर उंच दिवसभर उभा राहत नाही. तो तसा उभा असेल तर भरपूर हवा, वनस्पती तेल किंवा घट्ट धरून ठेवणारे पदार्थ यांचा त्याला आधार असतो. यातले बरेचसे कायद्याने चालते आणि आरोग्याला अपायकारकही नसते. आक्षेप वेगळा आहे. हे सगळे गिऱ्हाईक एकदाच येणार, ते फक्त बघूनच ठरवणार आणि चव लक्षात ठेवून परत जाब विचारायला येणार नाही, या गृहीतावर रचलेले आहे.

पर्यटनाच्या अर्थकारणाने हे गृहीत खरे करून ठेवले आहे. २०१३ मध्ये रोममध्ये स्पॅनिश पायऱ्यांजवळ चार ब्रिटिश पर्यटकांना चार जेलाटोंचे ६४ युरो मोजावे लागले आणि ती बातमी दोन्ही देशांत गाजली. सगळ्यांनी दराची चर्चा केली. पण दर हा रोग नव्हे, लक्षण आहे. ज्या चौकात रोज हजारो नवे चेहरे येतात आणि जुना चेहरा क्वचितच परततो, तिथे चांगला माल करणाऱ्याला बक्षीस नाही आणि वाईट करणाऱ्याला शिक्षा नाही. भाडे मात्र त्या चौकाचे द्यावे लागते. अशा ठिकाणी सचोटीने चालणारी दुकाने आहेत, त्यांत कित्येक दशकांची जुनीही आहेत; पण त्यांच्याकडे नीट पाहिले तर आसपासच्या कचेऱ्यांतली, शाळांतली, न्यायालयांतली रोजची गिऱ्हाइके त्यांनी धरून ठेवलेली दिसतात. पर्यटक तिथे स्थानिकांच्या जिभेच्या भरवशावर फुकट स्वार होतो. जुन्या बाजारपेठेत नवखा माणूस जसा ‘इथली माणसे कुठे घेतात’ हे पाहून वळतो, तसाच हा न्याय आहे. एका अर्थी प्रत्येक चांगले जेलाटोचे दुकान हे त्याच्या शेजाऱ्यांनी घडवलेले असते. त्याचे श्रेय फक्त पांढरा डगला घातलेल्या कारागिराला देणे म्हणजे अर्धीच गोष्ट सांगणे.

यावर पहिला आक्षेप झाकणावरूनच येईल. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपल्याकडे म्हणतात; पोलादी झाकणाखाली काय आहे हे दिसतच नसेल तर फसवणे उलट सोपे नाही का? आक्षेप रास्त आहे. झाकण हा पुरावा नव्हे. पोत्झेत्तीची चलती वाढल्यावर तयार पावडरीचा जेलाटो झाकणाखाली ठेवून जुनेपणाचा आव आणणारेही निघाले असणार, आणि काचेच्या कपाटात सपाट, साध्या ट्रेमध्ये उत्तम माल ठेवणारे कारागीर इटलीत पुष्कळ आहेत. झाकणाचा व्यावहारिक फायदा एवढाच, की तापमान स्थिर राहते, हवा आणि प्रकाश लागत नाही. पण त्याचा एक सामाजिक परिणामही होतो. माल न दाखवता विकायचा ठरवला की रंगावर केलेला खर्च वाया जातो आणि विक्री पूर्णपणे पूर्वीच्या अनुभवावर आणि चमचाभर चाखवण्यावर येऊन पडते. म्हणजे झाकण प्रामाणिकपणा सिद्ध करीत नाही, दिखाव्याचे बक्षीस तेवढे काढून घेते. म्हणून एका खुणेवर विसंबू नये. रंग, यादीची लांबी, ऋतूचे भान, चाखवण्याची तयारी आणि आत येणाऱ्यांत शेजारपाजारचे किती, अशा पाच-सहा खुणा जुळल्या तरच निष्कर्ष काढावा.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बहुसंख्य दुकाने आज कंपन्यांनी बनवलेल्या तयार पावडरी आणि सुक्या मेव्याच्या तयार लगद्यांचा कमीअधिक वापर करतात. त्यात दुधाची भुकटी, साखरा आणि डिंक यांचे हिशेब करून ठेवलेले असतात. त्यामुळे चव सारखी राहते, चुका कमी होतात, लहान कुटुंबाला दुकान चालवता येते. याला परंपरेचा घात म्हणणे हा कोरडा सोवळेपणा नव्हे काय? अंशतः होय. डिंकाचे नाव काढले की लोक दचकतात, पण कॅरोबच्या बियांचा डिंक भूमध्य समुद्राकाठच्या, सिसिलीतही होणाऱ्या झाडाचा असतो. दुसरा नेहमीचा डिंक म्हणजे ग्वार गम. तो आपल्या भाजीच्या गवारीच्या बियांतून निघतो आणि जगातला त्याचा मोठा वाटा राजस्थानातून जातो. चिमूटभर गवार डिंकाने बर्फाचे स्फटिक आवरले जात असतील तर त्यात बिघडले काय? यंत्र स्वीकारणाऱ्या परंपरेने डिंक नाकारण्यात अर्थ नाही. रेघ ओढायची ती वेगळ्या ठिकाणी. घडणीला मदत करणारा जिन्नस आणि चवीची जागा घेणारा जिन्नस यांत ती ओढावी. पावडरीने दूध मऊ राहिले तर ठीक. पण स्ट्रॉबेरीची चव बाटलीतून, रंग दुसऱ्या बाटलीतून आणि पाटीवर मात्र ताज्या फळाचे चित्र, हे झाले की कारागीर उरत नाही, पाकीट फोडणारा उरतो. सारखेपणाचा फायदाही फसवा आहे. जूनमधली आणि ऑगस्टमधली चव तंतोतंत सारखी असेल तर त्या दुकानाला ऋतू कळतच नाही, असा त्याचा अर्थ होतो.

तिसरा आक्षेप कायद्याच्या बाजूने येतो. गिऱ्हाइकावर एवढा भार का टाकायचा? सरकारने व्याख्या करावी, खोट्या पाट्या उतरवाव्यात. इटलीत तसे प्रयत्न झाले आहेत. ‘जेलातो आर्तिजानाले’ म्हणजे कारागिरीचा जेलाटो हे शब्द जो तो वापरतो. पण त्यात काय असावे आणि काय नसावे, याची पक्की व्याख्या नव्हती. ती करावी यासाठी २०२१ मध्ये सेनेटमध्ये विधेयक आले. हवा दाबून फुगवणाऱ्यांना १०,००० युरोंपर्यंत दंडाची तरतूद त्यात सुचवली होती. युरोपीय संसदेने २०१२ मध्ये २४ मार्च हा कारागिरीच्या जेलाटोचा दिवस म्हणून मान्य केला. दिवस साजरा होतो, हे चांगलेच. पण दिवसाने दर्जा येत नाही. व्याख्येला माझा विरोध नाही. नावाचे रक्षण कायद्याने करावेच. ब्रोन्तेच्या पिस्त्याला भौगोलिक नावाचे संरक्षण आहे, तसे. मात्र कायद्याला मोजता येते तेच धरता येते: हवेचे प्रमाण, स्निग्धांश, रंगांची नावे. पीच पुरते पिकले होते का, बदाम आज वाटला की महिन्यापूर्वी, याला कुठला निरीक्षक पुरणार? शिवाय मोजमापाचे नियम पाळण्यात मोठे कारखाने नेहमीच लहान दुकानांपेक्षा तरबेज असतात. तोरिनोमध्ये २००३ साली दोन मित्रांनी उत्तम फळे आणि जुनी चव यांचा ध्यास घेऊन ‘ग्रोम’ हे दुकान काढले; त्याची साखळी झाली आणि २०१५ मध्ये ती युनिलिव्हरने विकत घेतली. यात बेकायदा काही नाही. पण नाव, चित्र आणि कथा विकत घेता येतात, हे त्यातून दिसले. कायद्याने गिऱ्हाइकाच्या हातात एकच भक्कम हत्यार दिले आहे. उघडा विकला जाणारा जेलाटो असला तरी त्यातल्या घटकांची यादी पाहायला मिळाली पाहिजे, हा नियम. ती यादी बहुतेक दुकानांत भिंतीवर किंवा वहीत असते. तिच्याकडे ढुंकूनही न पाहणाऱ्याने कायदा तोकडा आहे अशी तक्रार करू नये.

चौथा आक्षेप जरा बोचरा आहे. ज्याला पोपटी डोंगर आवडतो त्याला तो खाऊ द्यावा. सुट्टीवर आलेल्या माणसाला घटकांची यादी वाचायला लावणे हा खवय्येगिरीचा अहंकार आहे. चवीच्या बाबतीत कुणी कुणाचा गुरू नसावा, हे कबूल. मुलाला निळा जेलाटो हवा असेल तर त्याला उपदेश करणारा माणूस कुणालाच नको असतो. पण इथे मुद्दा उच्च अभिरुचीचा नाहीच. दोन चवींचा लहान कोन वस्तीतल्या दुकानात साधारण तीन युरोंच्या आसपास मिळतो. मजूर, आजीबाई, शाळकरी मुले, वकील सगळे एकाच रांगेत उभे असतात. इटलीतल्या फार थोड्या गोष्टी इतक्या सर्वांच्या आवाक्यात आणि तरीही इतक्या दर्जेदार राहिल्या आहेत. हा दर्जा श्रीमंतांच्या नखऱ्यांवर टिकलेला नाही. ‘काल बरा होता, आज काय झाले?’ असे तोंडावर विचारणाऱ्या सामान्य माणसांनी तो राखला आहे. अहंकार खरे तर उलट बाजूला आहे. परक्या मुलखातल्या माणसाला चव कळतच नाही, त्याला रंग पुरेत, असे धरून चालणाऱ्या दुकानदाराचा तो अहंकार, आणि आपण निमूटपणे रांग लावून त्याला दुजोरा देतो.

मराठी वाचकाला यात परके वाटावे असे थोडेच आहे. लाकडी बादलीत बर्फ आणि खडे मीठ भरून दांडा फिरवत केलेले पॉट आइस्क्रीम हे देल्ला पोर्ताने सांगितलेल्या त्याच तत्त्वावर चालते. आपली कुल्फी तर घुसळलीच जात नाही. आटवलेले दूध साच्यात गोठते, त्यामुळे हवेचा प्रश्नच मिटतो. फळाच्या हंगामावर दुकान उभे राहते, हे १९८४ मध्ये जुहूला रघुनंदन कामत यांनी सुरू केलेल्या आइस्क्रीमच्या दुकानाने मुंबईला दाखवले. सीताफळ आणि शहाळे यांच्या चवी लोकांनी परत परत येऊन मोठ्या केल्या. पाट्यांचा गोंधळही आपल्या ओळखीचा आहे. दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल वापरलेल्या मालाला आपल्याकडे आइस्क्रीम म्हणता येत नाही, ‘फ्रोझन डेझर्ट’ लिहावे लागते. या फरकाच्या जाहिरातीवरून दोन बड्या कंपन्या २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात भांडल्या. तरी डबा उचलताना ती अक्षरे वाचणारे किती? एका लिटर आइस्क्रीमचे वजन किमान ५२५ ग्रॅम भरले पाहिजे, असा आपला नियम आहे, म्हणजे जवळजवळ निम्मी हवा नियमातच बसते. आणि आपण मात्र डब्यावरचे मिलिलिटर तेवढे पाहतो. आता मुंबई-पुण्यात, गोव्यात ‘अस्सल इटालियन जेलाटो’च्या पाट्या लागत आहेत. खरा जेलाटो कमी स्निग्धांशाचा असल्याने आपल्या नियमांच्या भाषेत तो ‘मध्यम स्निग्धांशा’च्या वर्गात जातो, तेव्हा ‘जास्त मलईदार, म्हणून जास्त इटालियन’ ही जाहिरात ऐकली की सावध व्हावे. अस्सलपणा इटलीहून आयात केलेल्या यंत्राने येत नाही. रत्नागिरीचा हापूस मे महिन्यात आणि फक्त तेव्हाच वापरणारे, डिसेंबरात ‘आंबा नाही’ असे सांगणारे पुण्यातले दुकान बोलोन्याच्या परंपरेला रोमच्या चौकातल्या झगमगाटापेक्षा जवळचे आहे.

युरोपच्या सहलींना जाणाऱ्या मराठी कुटुंबांची संख्या आता लहान नाही, आणि रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस यांच्या धावत्या भेटीत जेलाटोला हमखास जागा असते. त्यांना एवढेच सांगणे. प्रसिद्ध चौकापासून दोन-तीन गल्ल्या आत जा. फळे खोचलेले डोंगर दिसले तर पुढे चला. केळ्याचा रंग पाहा, पिस्त्याचा रंग पाहा, भिंतीवरची घटकांची यादी पाहा. भाषा येत नसली तरी ती किती लांब आहे, ते कळते. पहिल्यांदा ‘फिओर दि लात्ते’ चाखायला मागा. दूध, साय, साखर याखेरीज त्यात लपायला काही नसते, आणि ज्याचे साधे वरण जमते त्याचा स्वयंपाक जमतो, हा आपला ठोकताळा तिथेही लागू पडतो. आज काय ताजे केले, असे विचारा. आणि जेलाटो आवडला, तर मुक्काम दोनच दिवसांचा असला तरी दुसऱ्या दिवशी त्याच दुकानात पुन्हा जा.